सर्दीला खाडा मिळाला पाहिजे

मराठवाड्यात लेकरू शिंकलं की पहिला आळ पेरूवर येतो. मग दह्यावर, मग बालाघाटच्या डोंगरातल्या सीताफळावर, आणि काहीच हाती लागलं नाही तर न्हाणीतल्या गार पाण्यावर. सीताफळं दसरा-दिवाळीच्या सुमारास येतात, बोरं-पेरू थंडीत येतात. सर्दी-तापाची साथ पावसाळ्यात एकदा उठते आणि थंडीत पुन्हा एकदा. हंगाम जुळतो म्हणून शिक्षा फळाला होते. दही बंद, पेरू बंद आणि वारा लागू नये म्हणून खिडकीही बंद. पहिल्या दोन बंद्यांनी लेकराच्या तोंडचा घास जातो, तिसरीनं सर्दी घरभर होते.

पडसं विषाणूंमुळे होतं. एकट्या ऱ्हायनोव्हायरसचे १६० हून जास्त प्रकार आहेत, त्यामुळे एकदा होऊन गेलं की सुटलो असं पडशाच्या बाबतीत होत नाही. धडधाकट मोठ्या माणसाला वर्षात दोन-तीनदा आणि शाळकरी लेकराला सहा-आठदा पडसं होणं हे नेहमीचंच आहे. फ्लू वेगळा. तो इन्फ्लुएंझाच्या विषाणूनं होतो आणि एकदम चढतो. सकाळी रानात गेलेला माणूस दुपारी बाजेवर आडवा होतो, ताप १०२ च्या वर जातो, डोकं आणि कंबर ठणकते, कोरडा खोकला लागतो. १९१८ च्या साथीला लोकांनी 'मानमोडी' नाव दिलं ते उगाच नाही. २००९ साली ज्या स्वाइन फ्लूनं सगळा महाराष्ट्र हादरला, तो एच१एन१ आता दरवर्षीच्या हंगामी फ्लूतच मोडतो. तो कुठं गेलेला नाही, त्याची बातमी होणं तेवढं थांबलं आहे.

घर वाचवायचं तर या विषाणूचं वेळापत्रक पाठ पाहिजे. फ्लूचा विषाणू शिरल्यावर एक ते चार दिवसांत त्रास सुरू होतो. त्रास सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून तो माणूस दुसऱ्याला विषाणू देऊ लागतो आणि पुढं पाच ते सात दिवस देत राहतो. लहान लेकरं त्याहूनही जास्त दिवस देतात. यातही सगळ्यात जास्त विषाणू बाहेर पडतो तो पहिल्या तीन-चार दिवसांत. म्हणजे सोमवारी कणकण वाटत असताना शाळेत, मोंढ्यात किंवा एसटीत गेलेला माणूस आपल्या आजाराचा सगळ्यात मोठा वाटा लोकांना देऊन येतो, आणि गुरुवारी अगदीच उठवत नाही म्हणून घरी पडतो तोवर वाटण्याचं बरंचसं काम उरकलेलं असतं.

म्हणून सर्दी रोखण्याच्या उपायांत मी काढा, लसूण, गोळी यांच्या आधी एकच गोष्ट धरतो. आजारी माणसानं पहिले तीन-चार दिवस घरी, वाहत्या हवेत, बाकीच्यांपासून थोडं लांब थांबावं. ऐकायला हा उपाय फुकटचा वाटतो. प्रत्यक्षात आपल्याकडच्या बहुतेक घरांना तो सगळ्यात महाग पडतो, कारण त्याची किंमत खाड्यात मोजली जाते. ऊसतोडीत कामावर न गेलेला दिवस म्हणजे खाडा. त्या दिवसाची मजुरी जातेच, वर मुकादम दंड उचलीत, म्हणजे हंगामाआधी दिलेल्या आगाऊ पैशांत, धरतो. रोजंदारीवर दंड नसला तरी चूल अडते. शाळेत तो हजेरीपटावरच्या रेघेत दिसतो. घरात काय करायचं ते पुढं सविस्तर लिहितो आहे, कारण घराच्या हातात पुष्कळ आहे. पण खाड्याची भीती आहे तोवर घरानं केलेलं निम्मं काम वाया जातं, आणि ती भीती काढणं एकट्या घराला जमणारं नाही. ते सरकारचं, शाळेचं आणि मालकाचं काम आहे.

आधी हवेचं बघू. खोकताना, बोलताना, नुसता श्वास सोडतानाही बारीक कण बाहेर पडतात आणि बंद खोलीत ते बराच वेळ तरंगत राहतात. बंद खोलीत कुणी बिडी ओढली तर ती विझल्यावरही वास रेंगाळतो, तसंच. जुन्या माळवदाच्या घराला हे ठाऊक होतं असं मी म्हणणार नाही, पण त्या घराला साणं असायचं. धाब्याला उजेडासाठी आणि धूर जायला ठेवलेलं ते भोक. खालच्या दारातून गार हवा आत यायची, तापलेली हवा साण्यातून वर जायची. वाड्याला तर मधोमध चौकच होता. माळवद पाडून आपण स्लॅब टाकला, ऐपत नव्हती तिथं पत्रा टाकला, आणि साणं दोन्हीकडून गेलं. दहा बाय बाराच्या खोलीला एक खिडकी, तिच्यासमोर कपाट, आणि पत्र्याच्या घरात भिंत आणि पत्रा यांच्यामधली फट थंडीत पोतं कोंबून बुजवलेली. अशा खोलीत सहा जणं ओळीनं झोपली आणि त्यात एकाला फ्लू असला, तर सकाळपर्यंत सगळ्यांनी तीच हवा फिरून फिरून घेतलेली असते.

खोलीची एक ढोबळ परीक्षा घेता येते. रात्री झोपताना जशी दारं-खिडक्या ठेवता तशी ठेवा आणि मधोमध एक उदबत्ती लावा. धूर एका बाजूला ओढला जाऊन बाहेर पडत असेल तर बरं आहे. तो सरळ वर जाऊन छताखाली साचत असेल आणि उदबत्ती विझल्यावर अर्ध्या तासानंही वास तसाच असेल, तर हवा उभी आहे. ती हलवायला दोन वाटा लागतात, एक यायला, एक जायला, आणि शक्यतो समोरासमोर. एकाच भिंतीत शेजारी-शेजारी दोन खिडक्या उघडून फारसं होत नाही. पत्र्याच्या घरात वरची फट बुजवू नका, उंदीर-पाखरं येऊ नयेत म्हणून जाळी ठोका. थंडीत पूर्ण खिडकी उघडी ठेवणं जमत नाही हे खरं. परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो. पण खिडकीचा वरचा सहा इंच भाग उघडा राहू शकतो. थंडीसाठी अंगावर वाकळ घ्यावी, खोलीला वाकळ पांघरू नये. तान्ह्याला टोपी-मोजे घालून वाऱ्याच्या झोतातून बाजूला निजवलं की पुरे.

आजारी माणसाच्या खिडकीत नऊ इंचांचा एक्झॉस्ट पंखा हवा बाहेर टाकेल असा बसवला तर फार उपयोग होतो. तो नसेल तर साधा टेबल फॅन खिडकीत बाहेर तोंड करून ठेवा आणि समोरचं दार चार बोटं उघडं ठेवा. बरोबर चाललंय का ते बघायला दाराच्या फटीशी वर्तमानपत्राची पट्टी धरायची. ती आतल्या बाजूला ओढली गेली पाहिजे. बाहेरच्या बाजूला फडफडत असेल तर पंखा उलटा आहे आणि आजाऱ्याची हवा घरात ढकलतो आहे. छताचा पंखा हवा नुसती ढवळतो, बदलत नाही. एसीही खोलीतलीच हवा गार करून परत देतो. कूलर मात्र खिडकीबाहेर बसवला आणि समोरची खिडकी उघडी ठेवली तर उन्हाळ्यात त्याच्याएवढी ताजी हवा दुसरं काही देत नाही. तोच कूलर जागा नाही म्हणून खोलीच्या आत ठेवून दारं लावली, तर दमटपणा वाढतो आणि जुनीच हवा घोळते.

एकाच खोलीचं घर असेल तर आजाऱ्याची बाज हवा बाहेर जाते त्या खिडकीशी, बाकीच्यांची दाराकडे. मध्ये किमान तीन फूट, जमलं तर सहा. तेवढी जागा नसेल तर निदान डोकी विरुद्ध टोकांना. दिवसा ओसरी सगळ्यात चांगली, ऊनही असतं आणि हवाही वाहते. आजाऱ्याला आतल्या अंधाऱ्या खोलीत घालायची आपली पद्धत उलटी आहे. लातूर-धाराशिवकडं येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येला, अख्खं गाव रानात जाऊन आंबील-भज्जी खातं. तिथं शंभर माणसं जमली तरी हवा मोकळी असते. त्याच आठवड्यात मंगल कार्यालयाच्या बंद हॉलमध्ये तासभर पंगतीत बसणं जास्त जोखमीचं आहे. पण गार आंबील प्यायला म्हणून लेकराला रागावलं जातं आणि लग्नाला न्यायला कुणी अडवत नाही.

धुराचं थोडक्यात. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या यांच्या धुरात वाढणाऱ्या लेकराला न्यूमोनियाचा धोका जवळपास दुप्पट असतो. गॅसची टाकी दर वेळी भरणं परवडत नसेल तर निदान पाणी तापवायची चूल घराबाहेर, परसात हलवावी, आणि स्वयंपाक चालू असताना तान्हं कडेवर नसावं.

आता पाणी. 'वारंवार हात धुवा' हे वाक्य ज्या शहरात चोवीस तास नळ आहे तिथं लिहिलं गेलं असावं. आपल्याकडं कित्येक घरांना आठवड्यानं, कधी त्याहून उशिरा नळ येतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. 'जलदूत'ची पहिली खेप १० वाघिणींची होती, ५ लाख लिटरची. अशा घराला हात धुवायला सांगायचं तर त्याला किती पाणी लागेल हेही सांगितलं पाहिजे. घरात सहा माणसं, प्रत्येकानं दिवसात सहा वेळा, म्हणजे ३६ वेळा. तांब्यानं किंवा वाहत्या नळाखाली एका वेळी सहज लिटरभर जातं, म्हणजे दिवसाला ३६ लिटर. दोनशे लिटरचा ड्रम सहा दिवसांत नुसत्या हातांवर संपेल. कुठलीच बाई हे करणार नाही, आणि तिचं चुकत नाही.

बारीक धारेनं मात्र एका वेळी २०० मिलीमध्ये हात नीट धुता येतात. ३६ वेळांना साडेसात लिटरही लागत नाही. त्यासाठी पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन पुरतो. झाकणापासून चार-पाच बोटं खाली, समोरच्या बाजूला तापवलेल्या खिळ्यानं दोन-तीन मिलिमीटरचं एकच भोक पाडायचं. दोन खुंट्यांवर आडवी काठी ठेवून कॅन मुठीतून तिच्यावर ओवायचा. झाकणाखालच्या गळ्याला सुतळी बांधून तिचं दुसरं टोक जमिनीवरच्या काठीला बांधायचं. पायानं काठी दाबली की कॅन कलतो आणि धार लागते. साबणाची वडी जुन्या मोज्यात घालून शेजारी टांगायची. भोक मोठं झालं तर पाणी बघता बघता संपतं, फार वर पडलं तर कॅन आडवा करावा लागतो. झाकण घट्ट आवळलं तर आत हवा शिरत नाही आणि धार तुटते. हात कशालाही लागत नाही, त्यामुळे शिंकलेल्या हातानं तोटी धरण्याचा प्रश्नच मिटतो. वडी टिकत नसेल तर लिटरभर पाण्यात दोन चहाचे चमचे धुण्याची पावडर विरघळवून बाटलीच्या झाकणाला सुईनं भोक पाडावं. एका पिळण्यात एका हाताचं काम होतं.

साबण लावून वीस सेकंद चोळायचं, मग धुवायचं. फ्लूच्या विषाणूला बाहेरून स्निग्ध आवरण असतं, साबण ते फोडतो. ऱ्हायनोव्हायरसला असं आवरण नसतं, त्याला चोळून सुटा करून पाण्याबरोबर घालवावा लागतो. सॅनिटायझर त्याच्यावर तितका चालत नाही, म्हणून पडशात साबण-पाणीच बरं. सहा वेळा जमलं नाही तर या तीन तरी सोडू नका: बाहेरून आल्यावर, नाक पुसल्यावर, लेकराला भरवण्याआधी.

नाक पुसण्यापाशी जरा थांबायला हवं. लेकराचं नाक वाहतं, माय पदरानं पुसते. त्याच पदरानं चुलीवरचं गरम पातेलं उतरवते, त्याच पदरानं ताट पुसून सासऱ्याला वाढते, आणि रात्री धाकटं त्याच पदरात तोंड खुपसून पितं. यात तिचा दोष काही नाही, हाताशी दुसरं कापड नसतं. जुन्या धोतराचे किंवा सुती लुगड्याचे वीतभर चौकोन फाडून वीसेक तुकडे करा. स्वच्छ तुकडे एका डब्यात, वापरलेले खुंटीवरच्या वेगळ्या पिशवीत. सांजेला पिशवी गरम पाण्यात आणि साबणात उलटी करायची, तुकडे चोळून उन्हात टाकायचे. आजाऱ्याचा टॉवेल आणि पेला चार दिवस वेगळा. माठात पेला बुडवताना बोटं पाण्यात जातात, म्हणून माठाला तोटी किंवा लांब दांड्याचं ओगराळं हवं. मोबाईल, टीव्हीचा रिमोट, दाराची कडी यांवर फ्लूचा विषाणू एक-दोन दिवस टिकू शकतो. मोबाईल-रिमोट ओलसर साबणाच्या फडक्यानं पुसावा. कडी-तोटीसाठी ग्रामपंचायतीत मिळणारी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर चालते, लिटरभर पाण्यात साधारण ३ ग्रॅम. पोतं उघडून महिने झालेली पावडर निकामी झालेली असते, तिचा नाकात चढणारा वास गेला की ओळखावं. संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये ती कधीही मिसळू नये, विषारी वायू सुटतो.

आजारी माणूस दुसऱ्यांत वावरतो तेवढा वेळ तोंडाला तीन पदरी मास्क असावा. आजाऱ्याजवळ बसणाऱ्यानंही लावला तर आणखी बरं.

औषधांबाबत मला कठोर बोलायचं आहे. सर्दी-फ्लूवर अँटिबायोटिक चालत नाही, कारण ते जिवाणूंवरचं औषध आहे. तरी गावोगाव पहिल्या दिवशी ॲझिथ्रोमायसिन, कमरेत एक सुई आणि वर सलाईनची बाटली हा पाठ ठरलेला आहे. माणसाला बरं वाटतं कारण ताप उतरतो, आणि पडसं तसंही सात ते दहा दिवसांत जाणारच असतं. सुई का घेतली जाते हे मात्र समजून घ्यायला हवं. माणूस बरं होण्यासाठी सुई मागत नाही, उद्या कामावर जाता यावं म्हणून मागतो. दोनशे-तीनशे रुपयांची सुई एका खाड्यापेक्षा स्वस्त पडते. मग तो अंगात विषाणू घेऊन, ताप दाबून, पुन्हा दहा माणसांत जातो. सुईच्या विरुद्ध नुसती भाषणं देऊन म्हणूनच काही होत नाही.

लेकराच्या तापावर पॅरासिटामॉल पुरेसं आहे, वजनाच्या किलोमागे एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार तास, दिवसात जास्तीत जास्त चार वेळा. घोळ होतो तो बाटलीत. एक पातळ औषध ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचं असतं, दुसरं ५ मिलीत २५० चं. रंग तोच, चव तीच, खोका जवळपास सारखा. दहा किलोच्या लेकराला पहिल्यातलं ५ मिली बरोबर, दुसऱ्यातलं अडीच मिली बरोबर. 'एक चमचा द्या' एवढंच ऐकून आलेली आजी दुसऱ्या बाटलीतून दुप्पट देऊन बसते. तेव्हा बाटलीवरचा आकडा वाचा आणि घरातल्या चमच्याऐवजी तिच्यासोबतचं माप वापरा. लेकरांना ॲस्पिरिन द्यायचं नाही. खोकल्याचं पातळ औषध पाच वर्षांखालच्यांना आपल्या मनानं देऊ नये. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात दूषित खोकल्याच्या औषधानं वीसहून जास्त लेकरं दगावली. वर्षावरच्या लेकराला झोपताना चमचाभर मध चालतो, वर्षाखाली मध मुळीच नको. हळद-दूध घशाला बरं वाटतं, द्यावं, त्यानं विषाणू मरतो असं समजू नये. वाफेनंही मरत नाही, आणि उकळत्या पातेल्यावर लेकराला वाकवून वाफ देताना भाजण्याचे प्रकार होतात.

दवाखाना कधी गाठायचा ते ओळखण्यासाठी मोबाईलचं घड्याळ पुरतं. लेकरू शांत असताना पोटावरचा कपडा वर करा आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्ष ५० किंवा जास्त, वर्ष ते पाच वर्षं ४० किंवा जास्त भरले तर त्याच दिवशी दाखवायचं. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका, लेकरांचा श्वास सारखा चालत नाही. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, अंगावरचं दूध ओढत नसेल, ओठ-नखं निळसर असतील तर मोजत बसायचंही नाही. मोठ्या माणसात दम लागणं, छातीत दुखणं, बेडक्यात रक्त, गुंगी, ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली आकडा ही खूण. ताप उतरून दोन दिवसांनी पुन्हा चढला तर तोही धोकाच. फ्लूवरचं ओसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सगळ्यात जास्त उपयोगाचं. गरोदर बाई, म्हातारी माणसं, मधुमेही, दमेकरी यांनी 'बघू दोन दिवस' करत ते ४८ तास घालवू नयेत.

लसीबद्दल लोकांच्या मनात अढी आहे की घेऊनही सर्दी होतेच. होणारच, ती लस फ्लूची आहे, पडशाची नाही. लशीची आणि फिरणाऱ्या विषाणूची जुळणी चांगली असलेल्या वर्षी ती फ्लू ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते आणि गंभीर आजार त्याहून जास्त टाळते. विषाणू बदलतो म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते. अंगात तयारी व्हायला दोन आठवडे लागतात, तेव्हा मराठवाड्यासाठी योग्य वेळ एप्रिल-मे, पाऊस आणि शाळा सुरू होण्याआधी. अडचण अशी की त्याच महिन्यांत पारा ४२ वर असतो आणि लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. मेडिकलमधून घेऊन, पिशवीत घालून, एसटीनं गावी आणलेली लस टोचून काही उपयोग नाही. जिथं फ्रिज आहे तिथंच टोचून घ्यावी, आणि खोक्यावर कोणत्या हंगामाची आहे ते वाचावं. सहा महिन्यांपासून देता येते. नऊ वर्षांखालच्या लेकराला पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात. खासगीत एका डोसला दीड-दोन हजार पडतात, म्हणजे सहा जणांच्या घराला नऊ ते बारा हजार. एकच डोस परवडत असेल तर माझं मत, घरात गरोदर बाई असेल तर आधी तिला. तिच्यातून बाळालाही पहिले काही महिने संरक्षण मिळतं, आणि सहा महिन्यांखालच्या बाळाला दुसरी कुठलीच फ्लूची लस देता येत नाही. २०१५ च्या साथीनंतर राज्य सरकारनं गरोदर स्त्रिया आणि मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण यांना ही लस मोफत देण्याचं धोरण घेतलं. ती मे महिन्यात गावच्या उपकेंद्रात हाताशी असली पाहिजे, जिल्ह्याच्या गावी साथ उठल्यावर नव्हे.

आणि आता खाडा. काही जण म्हणतील, सर्दीपायी घरी बसवायचं ठरवलं तर शाळा ओस पडतील. प्रत्येक शिंकेला सुट्टी कुणी मागत नाही. ताप असेल तर घरी, आणि गोळी न घेता २४ तास ताप नसला की परत, एवढाच नियम आहे. एका लेकराचे तीन दिवस वाचवायला गेलं तर पुढच्या आठवड्यात वर्गातल्या पंधरा जणांचे जातात. दुसरा आक्षेप असा की लहानपणी सर्दी होऊ द्यावी, अंग तयार होतं. त्यात थोडं तथ्य आहे, पण तयार होतं ते त्या एका प्रकारापुरतं, आणि शाळेतून आणलेल्या आजाराची किंमत घरातली आजी किंवा तान्हं मोजतं.

शाळांनी शंभर टक्के हजेरीची बक्षिसं बंद करावीत. ताप असताना आलेल्या मुलाला आपण व्यासपीठावर बोलावून पेन देतो. पोषण आहार बुडतो म्हणून आजारी लेकराला शाळेत पाठवणारी घरं आहेत. कोविडच्या काळात कोरडा शिधा पालकांच्या हाती दिला होता, तसा तीन दिवसांचा देता येईल. लातूरच्या वसतिगृहांत एका खोलीत चार खाटा, दर आठवड्याला चाचणी आणि ताप लपवणारी सतरा वर्षांची मुलं आहेत. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेची तयारी करून घेणाऱ्यांनी एक हवेशीर आजारी खोली आणि चुकलेली चाचणी पुन्हा द्यायची सोय ठेवली तर मुलांना ताप लपवावा लागणार नाही.

नोकरदारांसाठी कायदा काही प्रमाणात आहे. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं, ठरावीक आकड्याइतके किंवा जास्त कामगार असतील तिथं, वर्षाला आठ दिवस पगारी किरकोळ रजा आहे. कामगार विम्यात असलेल्याला आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के मिळतात. पण मोंढ्यातला तीन माणसांचा गाळा त्या आकड्यात येत नाही, सोयाबीन काढणारी रोजंदार बाई कशातच येत नाही.

ऊसतोडीचं तर सगळंच वेगळं. तिथं 'कोयता' म्हणजे जोडपं. एक तोडतो, दुसरा मोळ्या बांधतो, त्यामुळे एकाला फ्लू झाला की खाडा दोघांचा पडतो. कोपी पाचटाची किंवा ताडपत्रीची, एकच तोंड, आत चूल, आत लेकरं, पहाटे चारला थंडीत निघायचं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये सरकारी समितीनं चौकशी केली, तेव्हा खाड्याचा धाक हे त्यातलं एक कारण म्हणून पुढं आलं. जो धाक माणसाला शस्त्रक्रियेपर्यंत नेतो, तो साध्या तापात घरी कसा थांबू देईल? गोपीनाथराव मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं, त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेण्याचं ठरलं. त्या पैशातून प्रत्येक कोयत्याला हंगामात आजारपणाचे तीन भरपगारी दिवस द्यावेत, फडाजवळच्या उपकेंद्रातल्या नर्सची चिठ्ठी एवढाच पुरावा धरावा, आणि त्या दिवसांचा दंड मुकादमाला लावता येऊ नये. हे ठरायचं तर ते उचल हातात पडते तेव्हाच कागदावर आलं पाहिजे. दिवाळी सरून ट्रक-ट्रॅक्टर बालाघाट उतरू लागले की ती ओळ लिहायला कुणी थांबत नाही.